पहिल्या फेरीचं बुकिंग

२ मार्च

चि. टाचणी,

आशीर्वाद आहेतच, वर एक टपली. महिनाभर पत्र नाही. फोनवर तू नुसतं "हो मावशी, हो हो" करतेस आणि मागे कोणीतरी ड्रिल चालवत असतं. मला निम्मं ऐकू येत नाही, तुला तेवढंही येत नसावं. त्यापेक्षा कागद बरा. कागदावर हो हो लिहून सुटका होत नाही.

तर बाईसाहेब आता अख्ख्या जहाजाच्या पडद्यांची मापं घेणार! तुझी आई कामावर असायची तेव्हा तू शाळेतून थेट माझ्या दुकानात यायचीस आणि लोहचुंबक घेऊन मशीनखाली टाचण्या गोळा करत बसायचीस. तेव्हापासूनचं हे तुझं नाव. तीच तू जहाज सजवणार म्हटल्यावर मी समोरच्या चष्मेवाल्याला सांगितलं, वरच्या शिकवणीवाल्या बाईंना सांगितलं आणि एका अनोळखी गिऱ्हाइकालाही सोडलं नाही. गिऱ्हाईक उशीचे अभ्रे न घेताच गेलं.

इथे माझं मात्र जरा बिनसलंय. दातांच्या डॉक्टरांचे पडदे कापले आणि माया धरायलाच विसरले. इतकी वर्षं शिवणीपुरतं, दुमडीपुरतं कापड हात आपोआप जास्त सोडतो. त्या दिवशी सोडलंच नाही. खिडकी संपायच्या आधीच पडदे संपले. डॉक्टर हसून म्हणाले, "असू दे, उजेड येतो." ओरडले असते तर बरं वाटलं असतं गं. तेव्हापासून एकेक माप तीनतीनदा घेते. तुझे काका म्हणतात, बस झालं, दुकान बंद कर. मलाही अधूनमधून तसंच वाटायला लागलंय.

म्हणून नीट ऐक. आपल्या दुकानाचा नियम तुला पाठ आहे, माप घेणारीने उघडं माप, म्हणजे खिडकीएवढंच, लिहायचं आणि माया कापणाऱ्याने धरायची. या वेळी तो नियम गुंडाळून ठेव. कापणारा कुठल्या कारखान्यात बसलाय आणि त्याचं लक्ष कुठे आहे, कोणास ठाऊक. तूच प्रत्येक मापात चार बोटं जास्त लिही. शिवाय जहाज हलणार म्हणजे पडदाही हलणार. आखूड पडला तर तोंड कुठे लपवशील?

तुझी मावशी

ता. क. जहाजाला ब्रेक असतो का ते विचारून कळव. जन्मभर बस चालवली, ब्रेक नसलेल्या गाडीत मी बसत नाही. – काका


१५ मार्च

ती. मावशी,

वाकून नमस्कार करणार होते, पण डोक्यावर हेल्मेट आहे आणि त्याच्यावर लोंबत्या वायरी. तेव्हा मान डोलावली असं समज.

जहाज पाण्याबाहेर काढून ठोकळ्यांवर बसवलंय. त्याच्या पोटाखालून चालत गेलं की मान दुखते. आतून ते आत्ता जहाज वाटतच नाही, भाडेकरू सोडून गेलेलं घर वाटतं. गालिचे उपटलेत, भिंती खरवडल्यात, आणि बॅले शिकवणाऱ्या बाईसारखी मी स्टुलावर चवड्यांवर उभी राहून मापं घेते. जेवणाच्या हॉलच्या खिडक्या तर एवढ्या उंच आहेत की नळवाल्याची शिडी मागून आणावी लागते. तो आधी कुरकुरतो, मग स्वतःच शिडी धरून उभा राहतो.

चार बोटांचं पक्कं लक्षात ठेवलंय. केबिनच्या प्रत्येक मापात धरली. हॉलची मापं त्याआधीच कारखान्यात गेली होती, ती उघडीच राहिली.

आणि दुकान बंद करण्याचं पुन्हा लिहिलंस तर मी पत्र परत पाठवीन. त्यापेक्षा असं करा, जूनमध्ये जहाज निघेल तेव्हा तुम्ही दोघं या! पहिल्याच फेरीला. राहिलेली कामं उरकायला मीही जहाजावरच असणार आहे.

टाचणी

ता. क. काका, ब्रेक नसतो. इंजिन उलटं फिरवून थांबवतात. माफ करा.


२२ एप्रिल

चि. टाचणी,

मागच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, कारण मी उत्तर घडवून आणत होते. आता ऐक. आमच्या इमारतीचं गटार जूनच्या दुसऱ्या आठवड्यात खणणार आहेत. दुकानासमोर खड्डा, म्हणजे दुकान बंद. आणि तुझ्या जहाजाची पहिली फेरी नेमकी त्याच आठवड्यात! इतक्या वर्षांत मला सक्तीची सुट्टी कोणी दिली नव्हती. गटाराने दिली.

बुकिंगवाल्या बाईंकडे जाऊनही आले. त्या म्हणाल्या, नूतनीकरणानंतरची पहिली फेरी म्हणजे सगळं कोरं करकरीत, गादीवर पहिलं तुम्हीच झोपणार. मे संपेपर्यंत नक्की करायचंय.

समुद्र काय, कुठूनही दिसतो. मला तुझे पडदे हात लावून बघायचेत. दुकान चालू ठेवायचं की नाही ते त्यानंतर ठरवीन म्हणते. निदान माझ्या हाताखालून काहीतरी धड बाहेर पडलं एवढं तरी बघू दे.

मावशी


२९ एप्रिल

ती. मावशी,

बुकिंग करू नकोस.

म्हणजे आत्ता करू नकोस. मी मार्चमध्ये उत्साहात लिहून गेले. नुकतं दुरुस्त झालेलं जहाज म्हणजे काय असतं ते तेव्हा मला कळत नव्हतं. रंगाचा वास आठवडेच्या आठवडे जात नाही आणि तुला वासाने डोकं धरतं. चार लिफ्टपैकी एक चालते, तीही मनात आलं तर. नळवाला स्वतः म्हणतो की पहिल्या फेरीत कुठल्या तोटीतून काय येईल याची तो हमी देत नाही. आमच्यासारखे कामगार आत असतातच, तुम्ही आराम करायला जाणार आणि भिंतीपलीकडे आम्ही ठोकाठोक करणार. एका जहाजाचा तरणतलावच पूर्ण झाला नव्हता म्हणे. लोक पोहण्याचे कपडे घालून फरशी बघत बसले.

जाणती माणसं पहिली फेरी टाळतात. काय चुकलंय ते पहिल्या प्रवाशांना कळू देतात आणि मग आरामात जातात. ऑक्टोबरमध्ये या. मी स्वतः तुमचं बुकिंग करून देते.

टाचणी


६ मे

चि. टाचणी,

ऑक्टोबरमध्ये गटार कोण खणणार, तू?

तुझं पत्र काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, नवीन बस डेपोत आली की पहिल्या आठवड्यात हॉर्न वाजवला तर वायपर चालायचा, म्हणून आम्ही काय पायी गेलो? आणि रंगाच्या वासाचं म्हणशील तर या घरात तुझ्या काकांनी स्वतः खिडक्या रंगवल्या त्या उन्हाळ्यातही मी इथेच राहिले. त्यापेक्षा वाईट काय असणार? लिफ्ट नसली तर जिने आहेत. तोटीचं तर बोलूच नकोस, आमच्या तोटीतून मंगळवारी नुसती शिट्टी येते.

पण मला वेगळाच वास येतोय. मार्चमध्ये "या, या" आणि एप्रिलमध्ये "नको, नको". मधे काय घडलं? मी दोन्ही पत्रं शेजारी ठेवून पाहिली. दोन्हीत एक माणूस आहे. नळवाला. शिडी धरतो काय, हमी देत नाही काय! बाळ, मावशीपासून माणूस लपवायचा नसतो. मी फक्त बघीन. एखाददुसरा प्रश्न विचारीन. फार तर शर्टाची शिवण बघीन.

मावशी


१३ मे

ती. मावशी,

नळवाल्याचा काही संबंध नाही! तो चांगला माणूस आहे, विषय संपला. (तुझं पत्र वाचताना तो शिडीवरच होता आणि मी का हसतेय ते त्याने विचारलं. मी काय सांगणार?)

मावशी, माझं ऐकशील तर या खेपेला राहू दे. तुझा हट्ट मला माहीत आहे, पण माझाही आहे आणि तो तुझ्याकडूनच आलाय.

इथे काम खूप आहे. डोळे चुरचुरतात. आणि हो, सहज विचारते, जाड अस्तराच्या पडद्याला खालून तुरपाई करायची तर दोरा कुठला घ्यावा? साधा दोरा तुटतो असं कोणीतरी म्हणत होतं.

टाचणी


१७ मे

टाचणे,

जहाजावर सहज कोणी दोरा विचारत नाही. पडदे लांब झालेत ना? किती? सगळे? आणि कोणी सांगितलं नाही मला?

मेणावर ओढलेला दोरा घे. दुहेरी घेऊ नकोस, गाठी पडतात. उलट टपाली कळव.

मावशी


२१ मे

ती. मावशी,

झालेत. केबिनचे सगळे. सात सेंटीमीटरनी. एप्रिलमध्ये गठ्ठे आले, पहिला पडदा टांगला आणि तो जमिनीवर येऊन बसला. मला वाटलं, हाच एक असेल. मग दुसरा टांगला.

चूक माझी आहे. टेप धरताना काहीतरी गोंधळ केला. कारखान्याने माया बरोबर धरली होती, त्यांना बोल लावता येत नाही. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे सजावटीचं सगळं बघतात त्या, फार बोलल्या नाहीत. पुढच्या जहाजाचं काम मला देणार होत्या, आता "बघू" म्हणतात. आम्ही तिघी रोज बसून दुमडतोय, पण जहाज सुटेपर्यंत अर्धेसुद्धा होणार नाहीत. उरलेले फेरीत करायचे. म्हणजे प्रवासी आत आणि पडदे जमिनीवर लोळतायत, अशी ही पहिली फेरी.

आता कळलं ना, का नको म्हणते? तू इतक्या हौसेने माझं काम बघायला येणार आणि हे बघणार. ऑक्टोबरपर्यंत सगळं नीट झालेलं असेल. प्लीज, मावशी.

टाचणी


२७ मे

चि. टाचणी,

सेंटीमीटर?

माझ्या दुकानात वाढलेली पोरगी मला सेंटीमीटरमध्ये माप सांगते? आपल्याकडे कापड बोटांनी आणि वितीने मोजतात, तुला चालता येत नव्हतं तेव्हापासून. मी पत्र हातात घेऊन बडबडत होते, मुलगी परकी झाली, मुलगी परकी झाली. काका उठले. टेप आणली, टेबलावर पसरली, माझा हात धरून तिच्यावर ठेवला आणि म्हणाले, "मोज."

चार बोटं. बरोब्बर चार.

टेप धरताना गोंधळ म्हणे! तू माप चोख घेतलंस. मी सांगितलं म्हणून चार बोटं वाढवलीस आणि कारखान्याने त्यावर आपली माया वेगळी धरली. दुकानाचा नियम होता तो उगाच नव्हता. मीच घातला आणि डॉक्टरांच्या पडद्यांनी घाबरून मीच मोडायला सांगितला. आणि तू मोठ्या बाईंसमोर मान खाली घालून उभी राहिलीस, माझं नावही काढलं नाहीस.

काल दिवसभर मी मशीनला हात लावला नाही. पडदे बिघडले याचं मला फारसं वाईट वाटलं नाही, पडदे बिघडतात. तू मला काचेच्या भांड्यासारखं जपायला लागलीस त्याचं वाईट वाटलं. मावशीला कळलं तर ती दुकानाला कुलूप लावील, असंच ना? म्हणून रंगाचा वास, म्हणून लिफ्ट, म्हणून तो बिचारा नळवाला! अगं, मला रागव. लहानपणी मशीनची सुई मोडली की तू माझ्यावर रुसायचीस, तशी रुस. अजून तेवढी म्हातारी नाही झाले मी.

संध्याकाळी मात्र डोकं ठिकाणावर आलं. डॉक्टरांचे पडदे आखूड होते, तिथे माझे हात बांधलेले होते. तुझे लांब आहेत. लांब पडदे म्हणजे माझं रोजचं काम.

आज सकाळी जाऊन बुकिंग केलं. पहिल्या फेरीचं. बाई म्हणाल्या, बिनखिडकीची केबिन बरी पडेल. म्हटलं, बिनखिडकीच्या केबिनला पडदा नसतो, मग मी तिथे करू काय? खिडकीवाली घेतली.

एक कर. कोणालाही कात्री लावू देऊ नकोस. जास्तीचं कापायचं नाही, रुंद दुमड घालून आत घ्यायचं. मी मेण, दोरे आणि माझं बोटात घालायचं अंगुस्तान घेऊन येते. आमच्या केबिनचा पडदा तसाच ठेव, त्याला मीच हात लावीन.

मावशी

ता. क. इंजिन उलटं फिरवून थांबवतात हे मी तीन ड्रायव्हरांना सांगितलं. कोणी विश्वास ठेवत नाही. प्रत्यक्ष बघायला येतोय. – काका


२४ जून

चि. टाचणी,

सुखरूप पोचलो. जमीन अजून हलतेय. काका म्हणतात जमीन नाही, मी हलतेय.

इथे आल्यापासून सगळी गल्ली विचारते, कशी झाली क्रूझ. मी खरं सांगते. गार पाण्याच्या तोटीतून गरम आणि गरम पाण्याच्या तोटीतून काहीच नाही. जेवणाचा हॉल वर आहे अशी पाटी होती, म्हणून आम्ही वर गेलो, तर तिथे दोरखंड. रंगाचा वास होता, तू म्हणालीस तसाच. काकांना कपाट उघडता आलं नाही म्हणून त्यांनी आठवडाभर एकच सदरा घातला, आणि जहाज धक्क्याला लागताना टाळ्या वाजवणारे ते एकटेच होते. कप्तानाने वळून हात केला. आता ते त्याला "आमच्या लाइनीतला माणूस" म्हणतात.

आणि लोक म्हणतात, अरेरे, म्हणजे फसलात! मी म्हणते, इतकी मजा जन्मात केली नाही.

तुझ्यासमोर बोलले नाही ते लिहिते. केबिनमध्ये शिरले तेव्हा तो पडदा जमिनीवर पसरलेला दिसला. मग हातात घेतला. कापड चांगलं, चुण्या सारख्या, अस्तर कुठे ओढलेलं नाही. आधी वाटलं, माझी एवढीशी टाचणी! आणि त्यानंतर मला उलटी झाली, पण ती समुद्रामुळे.

दुसऱ्या दिवसापासून आपण जे बसलो! मला वाटलं होतं तू आणि मी. पण शेजारच्या केबिनमधल्या बाई पडदा पायात येतो अशी तक्रार घेऊन आल्या आणि सुया ओवत बसल्या. त्यांनी त्यांच्या जावेला बोलावलं. सफाईवाल्या मुली दुपारी सुटल्या की यायच्या. बाहेर कोणीतरी माइकवरून नाचायला बोलवत होतं आणि आम्ही सगळ्या जमिनीवर मांडी ठोकून. डॉक्टरांच्या पडद्यांपासून माझा हात बुजला होता, तो तिसऱ्या पडद्याला सरळ झाला. मला कळलं, तुलाही कळलं असणार, कारण तू मान वर केली नाहीस.

आणि नळवाला. आला होता तोटी बघायला, राहिला पडदा धरून. तासभर. शिडी कोणीही धरील गं, तुरपाई होईपर्यंत वजनदार पडदा एका उंचीवर धरून ठेवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. त्याच्या शर्टाची शिवण उसवलीय, ती शिवून घ्यायला सांग.

चौथ्या दिवशी दुपारी समुद्र खवळला तेव्हाची तुझ्या मोठ्या बाईंची मुद्रा मी विसरणार नाही. जेवणाच्या हॉलमधले चोख मापाचे पडदे पाळण्यासारखे झुलत होते, लोकांच्या ताटांत शिरत होते. केबिनमधले आपले, ती रुंद दुहेरी दुमड घातलेले, जड होऊन गुपचूप उभे. बाईंनी तीन केबिनी उघडून पाहिल्या. मला म्हणाल्या, "हे तुम्ही मुद्दाम केलंत?" मी म्हटलं, "नाही हो, चुकून. पण चूक आमच्या घरची आहे." तू माझ्याकडे असं पाहिलंस की आता रडतेस की काय. मग आपण दोघीही हसत सुटलो आणि बाईंना कळेना, यात हसण्यासारखं काय.

काल गटाराचा खड्डा बुजवला. आज दुकान उघडलं. सगळ्यात आधी डॉक्टरांकडे गेले, पडदे उतरवून आणले आणि खाली निळ्या कापडाची पट्टी जोडायला घेतलीय. ते म्हणाले, "अहो, उजेड येत होता." म्हटलं, उजेड तुमचा, पडदे माझे.

कुलपाचा विषय आता काका काढत नाहीत. मीही काढत नाही.

मावशी


९ ऑगस्ट

ती. मावशी,

काल मोठ्या बाईंनी बोलावलं. दुसरं जहाज दुरुस्तीला येतंय, याहून मोठं. काम मला दिलं. आधीच्या जहाजाच्या हॉलचे पडदेही बदलणार आहेत. मापांच्या कागदावर बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलंय, दुमडीसाठी चार बोटं जादा. बोटं! सगळं ऑफिस आता एकमेकांचे हात बघतंय की नेमकी कोणाची बोटं. मी सांगितलं, माझ्या मावशीची.

नळवाल्याने शर्ट शिवून घेतला. म्हणजे मी शिवून दिला. माझ्या हातात तुझी तुरपाई ओळखू येते म्हणतो, तशीच तिरकी पडते. तो तुम्हा दोघांना नमस्कार सांगतोय आणि काकांना सांगतोय की नव्या जहाजालाही ब्रेक नाही.

जहाज मार्चमध्ये सुटेल. बुकिंगवाल्या बाई सांगतील, सहा महिने थांबा, सगळं सुरळीत होऊ द्या. मीही तेच सांगत होते. ऐकू नकोस. मावशी, पहिल्याच फेरीचं बुकिंग कर. काही ना काही चुकलेलं असेलच.

टाचणी